जागल्याच्या हातांतील शस्त्र

दिवस मावळला, गुरें गोठ्यांत आलीं, घरोघर दिवे लागले, कीं सारें गांव दारें लावून घेतें. आणि एक माणूस मात्र आपलें दार मागें टाकून बाहेर पडतो. आपल्या जुन्या गांवगाड्यांत ह्या माणसाला जागल्या म्हणत. इतरांनीं निजावें म्हणून ह्यानें जागावें, असा तो साधा करार होता. आज मला बोलावयाचें आहे तें ह्या जागल्यासंबंधीं आणि त्याच्या हातांतील शस्त्रासंबंधीं. विषय वरवर पाहतां कायद्याच्या पुस्तकांतला वाटेल. परंतु मला तो पुस्तकांतून सुचलेला नाहीं, माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें तो माझ्यापुढें ठेवला.

माझें गांव तिसगांव. अहिल्यानगरहून, ज्याला २०२४ पर्यंत आपण अहमदनगर म्हणत होतों, पाथर्डीकडे निघालें म्हणजे करंजीचा घाट ओलांडल्यावर हें गांव लागतें. जवळच गर्भगिरीच्या डोंगरांत मढी येथें कानिफनाथांचें स्थान आहे. होळीपासून पाडव्यापर्यंत तेथें यात्रा भरते आणि रंगपंचमीच्या सुमारास भटक्या जमातींचे लोक दूरदूरहून लोटतात. कांहीं वर्षांपूर्वीं त्या गर्दींत एक तरुण शिपाई बंदोबस्ताला उभा होता. खांद्याला बंदूक, चेहऱ्यावर धूळ. मला पाहतांच तो पुढें आला आणि वांकून नमस्कार करून म्हणाला, "गुरुजी, ओळखलंत का?" तो भिल्ल वस्तीवरचा माझा विद्यार्थी होता. त्याचा पणजा ह्याच पंचक्रोशींत जागलकी करीत असे.

मीं त्याच्या वडिलांची खुशाली विचारली. तो म्हणाला, "बरे आहेत. पण रानडुकरांनी बाजरी ठेवली नाही. आवाज काढून पळवून लावण्यापुरती ठासणीची बंदूक असावी, म्हणून परवान्याचा अर्ज केला होता. कचेरीत विचारलं, जमीन किती, वस्ती कोणती? मग सांगितलं, तुम्हाला कशाला हवी बंदूक? अर्ज तिथंच राहिला." आणि जरा हंसून त्यानें पुढें म्हटलें, "गुरुजी, ही बंदूक घेऊन मी रात्रभर उभा राहतो, तेव्हा मला कोणी विचारत नाही, की तुझी वस्ती कोणती."

तो हंसला, पण मला हंसूं आलें नाहीं. एकाच घरांतील दोन पुरुष. मुलाच्या खांद्यावर सरकारनें आपण होऊन बंदूक दिलेली, आणि बापाला दारावरूनच परत लावलेला. देण्याचें माप एक आणि मागणाऱ्याचें माप दुसरें, असें हें कसें झालें? ह्याचा शोध घेऊं लागलों तेव्हां मला बरेंच मागें जावें लागलें.

जागल्या हा गांवचा हक्कदार सेवक. आपल्या जिल्ह्यांत हें काम पुष्कळ ठिकाणीं भिल्लांकडे असे, पुण्या-साताऱ्याकडे रामोशांकडे असे, आणि सह्याद्रीच्या घाटवाटांची व किल्ल्यांची राखण महादेव कोळ्यांनीं केलेली आहे. चोरी झाली तर पावलांचे ठसे पाहून माग काढावयाचा. तो दुसऱ्या गांवच्या शिवेपर्यंत नेऊन पोंचविला तर सुटका, नाहीं तर भरपाईचा बोजा राखणदाराच्याच माथीं, अशी वहिवाट होती. म्हणजे पोलिसाचें कर्तव्य पुरेपूर, परंतु पोलिसाचा मान मात्र नाहीं. गांवाचा ज्याच्यावर सर्वांत अधिक भरंवसा, त्याच्यावरच गांवाचा पहिला संशय. ह्या विचित्र नात्याचें पुढें काय झालें, तें १८५७ सालीं आपल्याच मुलखांत दिसून आलें.

त्या वर्षीं उत्तरेंत बंड पेटल्यावर इकडेहि सरकारनें सरसकट शस्त्रें काढून घेण्याचा हुकूम सोडला. सिन्नरजवळच्या नांदूर-शिंगोटें येथें भागोजी नाईक नांवाचे एक भिल्ल पुढारी राहत असत. हे पूर्वीं अहमदनगरच्या पोलिसांतील अंमलदार होते. १८५५ मध्यें दंगा व पोलिसांस अडथळा केल्याच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झाली आणि सुटकेनंतर एक वर्षाचा चांगल्या वर्तणुकीचा जामीन त्यांच्याकडून घेण्यांत आला. तें वर्ष संपतें न संपतें तोंच हा निःशस्त्रीकरणाचा हुकूम आला, आणि भागोजी नाईक गांव सोडून पुणें-नाशिक रस्त्यावरील डोंगरांत जाऊन बसले. सुमारें पन्नास भिल्ल त्यांना येऊन मिळाले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजीं त्यांच्यावर चालून गेलेला पोलीस सुपरिंटेंडेंट लेफ्टनंट हेन्री चकमकींत ठार झाला. पुढें दोन वर्षें हा लढा चालला आणि नोव्हेंबर १८५९ मध्यें भागोजी नाईक लढतां लढतां पडले. सरकारनें काल ज्याच्या हातीं शस्त्र दिलें, त्याच्या घरांतील शस्त्र आज काढून घ्यावयाचें, ह्या व्यवहाराचा हा एक शेवट झाला.

दुसरा शेवट त्याहून अधिक विचार करण्यासारखा आहे. हेन्रीच्या जागीं आलेल्या नटॉल नांवाच्या अधिकाऱ्यानें, भिल्लांचा बंदोबस्त करावयाचा तर डोंगर जाणणारीं माणसें पाहिजेत, हें ओळखलें, आणि जुन्नर, अकोलें व नाशिक ह्या भागांतील कोळ्यांची एक पलटण उभारण्यास आरंभ केला. डिसेंबर १८५७ मध्यें पहिले शंभर जण तयार झाले. ध्यानांत घ्या, श्रोतेहो, हे शंभर जण आपापल्या घरच्या तरवारी आणि घरच्या बंदुका घेऊन आले होते! इकडे घरांतील शस्त्रें काढून घेण्याचा हुकूम आणि तिकडे तींच शस्त्रें घेऊन या असें बोलावणें. एकाच राज्याचे, एकाच वर्षांतले हे दोन व्यवहार. ही तुकडी उपयोगी पडते असें दिसतांच आणखी भरती झाली आणि पलटणीची संख्या ६०० वर गेली. जावजी नाईक बांबळे हे तिचे प्रमुख होते. ज्या राघोजी भांगरे ह्यांना ह्याच सरकारनें १८४८ मध्यें ठाण्याच्या तुरुंगांत फांशी दिलें होतें, त्यांचे एक बंधुहि तिच्यांत अंमलदार नेमले गेले.

गर्द हिरवें पागोटें, हिरवा अंगरखा, गुडघ्यापर्यंत रक्तवर्णी धोतर आणि पायांत वहाणा, असा ह्या पलटणीचा पोशाख होता. तंबू नाहीं, सामानाचा लवाजमा नाहीं. सारा संसार झोळींत आणि घोंगडींत. त्यांच्या शिस्तीची आणि चालण्याच्या झपाट्याची वाखाणणी सरकारी गॅझेटियरमध्यें नमूद आहे. शांतता झाली. मार्च 1861 मध्यें पलटण मोडण्यांत आली. मोजके लोक पोलिसांत घेतले गेले, बाकीचे आपल्या डोंगरांतील शेताकडे आणि मजुरीकडे परत गेले. काम सरलें, नातेंहि सरलें.

ह्यानंतर १८७८ मध्यें लॉर्ड लिटनच्या कारकीर्दींत शस्त्रांचा कायदा झाला. परवान्याशिवाय कोणीं शस्त्र बाळगूं नये, असा तो निर्बंध. परंतु त्याच्याच नियमांनीं युरोपियन लोकांना व त्यांच्याशीं जुळत्या कांहीं वर्गांना परवान्यांतून सूट दिली. म्हणजे प्रश्न शस्त्राचा नव्हता, कातडीच्या रंगाचा होता. वंशावर उभारलेली ही सूट १९२० च्या सुमारास नियम बदलून काढून टाकण्यांत आली. तोंपर्यंत सुमारें चाळीस वर्षें, जंगलांत वाघासमोर राहणारा कोळी परवान्यावांचून गुन्हेगार ठरे आणि हौसेनें शिकार करणारा साहेब निर्वेध फिरे.

सूट राजनिष्ठेचें बक्षीस म्हणूनहि दिली जात असे. कर्नाटकांतील कोडगू अथवा कूर्ग प्रांताच्या लोकांना १८६१ मध्यें अशी सूट मिळाली. ती स्वातंत्र्यानंतरहि चालत आली. २०१९ मध्यें केंद्र सरकारनें तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली आणि २०२१ मध्यें कर्नाटक उच्च न्यायालयानें ती वैध ठरविली. कोडव लोकांच्या घरीं बंदुकीची पूजा होते, आणि सैन्यांतील त्यांची कीर्ति मोठी आहे. त्यांच्याविषयीं माझ्या मनांत कसलाहि किंतु नाहीं. मला इतकेंच विचारावेंसें वाटतें कीं, त्याच सालीं आपल्या ६०० कोळ्यांनीं पलटणीची बंदूक खालीं ठेवली, त्यांच्या पदरीं काय पडलें? सेवा दोघांचीहि होती. एकाला सूट मिळाली आणि दुसऱ्याला निरोप मिळाला.

आतां स्वतंत्र भारताचा कायदा काय म्हणतो तें पाहूं. १९३१ च्या कराची काँग्रेसनें मूलभूत हक्कांचा जो ठराव केला, त्यांत नियमांच्या मर्यादेंत शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला सांगितला होता. १९४८ च्या डिसेंबरांत संविधान सभेपुढें तशी दुरुस्तीहि आली, परंतु ती मान्य झाली नाहीं. माझ्या मतें हें योग्यच झालें. फाळणीच्या रक्तपाताचे डाग तेव्हां वाळले नव्हते. मात्र संविधानानें शस्त्राचा हक्क न देतां त्याहून मोठी गोष्ट दिली, ती म्हणजे कायद्यापुढें समानता. ह्या पायावर १९५९ चा शस्त्र अधिनियम झाला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलांत आला.

ह्या अधिनियमाला दोन दारें आहेत असें म्हणतां येईल. पहिलें दार अधिकाराचें. लोकसेवक आपलें कर्तव्य बजावतांना जें शस्त्र बाळगतो, त्याला परवान्याची अट लागूं नाहीं; हें ४५ व्या कलमांत आहे. तेथें शिपाई भिल्ल आहे कीं ब्राह्मण आहे, डोंगरांतला आहे कीं शहरांतला आहे, हें कायदा पाहत नाहीं. माझा विद्यार्थी मढीला बंदूक घेऊन उभा होता तो ह्या दारानें आंत आलेला. दुसरें दार नागरिकाचें. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्याला, नकाराचें कायदेशीर कारण नसेल तर, तो द्यावा असें १३ वें कलम सांगतें. आणि १४ व्या कलमांत एक लहानसें वाक्य आहे, तें मी तीनदां वाचलें. त्याचा भावार्थ असा कीं, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारतां येणार नाहीं. नकार दिलाच तर त्याचीं कारणें अधिकाऱ्यानें लेखी नोंदवावींत आणि मागितल्यास, सार्वजनिक हिताला बाध येत नसेल तर, अर्जदाराला कळवावींत. त्यावर अपीलहि आहे.

म्हणजे कागदावरचें माप एकच आहे. तरीहि मुलाला एका दारानें मान आणि बापाला दुसऱ्या दारांत "जमीन किती, वस्ती कोणती" हा प्रश्न! १८७८ चा कायदा रद्द झाला, पण त्याची नजर कांहीं टेबलांमागें अजून शिल्लक आहे.

येथें कोणी म्हणेल, कीं आदिवासीला पोलिसांत घेऊन बंदूक दिली, आतां समानतेचें आणखी काय राहिलें? ह्याचें उत्तर शेजारच्या छत्तीसगडानें दिलें आहे. तेथें नक्षलवाद्यांशीं लढण्यासाठीं आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून नेमण्यांत आलें. शिक्षणाची अट पांचवी इयत्तेची, मानधन महिना ३००० रुपये, प्रशिक्षण सुमारें दोन महिन्यांचें, आणि हातीं बंदूक. नेमणूक तात्पुरती. नांव मोठें, पण कायम शिपायाचा पगार नाहीं आणि त्याच्यासारखें संरक्षणहि नाहीं. हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि ५ जुलै २०११ रोजीं न्यायालयानें ही व्यवस्था घटनाबाह्य ठरविली. अल्पशिक्षित तरुणाला अपुऱ्या तयारीनें कायम पोलिसाइतक्याच धोक्यांत लोटणें, हा समानतेचा आणि जीविताच्या हक्काचाहि भंग आहे, असें न्यायालयाचें म्हणणें होतें. त्यांना दिलेलीं बंदुकादि शस्त्रें परत घ्यावींत, असाहि आदेश झाला.

ह्या निकालानें मला एक मोठा धडा दिला. शस्त्र हातीं देणें म्हणजे समानता नव्हे. कधीं कधीं शस्त्र हातीं देणें हाच विषमतेचा सर्वांत कठोर प्रकार असतो. १८५७ च्या पलटणींत आणि ह्या नेमणुकींत मला फारसें अंतर दिसत नाहीं. डोंगर जाणतो म्हणून घ्यावयाचा, काम सरलें कीं सोडावयाचा; आणि ज्या शेजाऱ्यांविरुद्ध त्याला उभें केलें, त्यांच्यांतच त्याला उरलेलें आयुष्य काढावयास लावावयाचें.

आपल्या महाराष्ट्रांत गडचिरोलीला दुसरा मार्ग चोखाळला गेला. १९९० मध्यें तेथें सी-६० नांवाचें पथक स्थापन झालें. आरंभीं ६० जवानांचें म्हणून हें नांव. त्यांत स्थानिक तरुण घेतले. गोंडी, माडिया बोलणारे, रानवाटा जाणणारे. परंतु ते पोलीस दलाचे नियमित शिपाई आहेत. पगार, पद, बढती आणि कर्तव्यांत मरण आलें तर मागें राहिलेल्यांची तजवीज, हें सर्व पोलीस दलाच्या नियमांप्रमाणें. तेथें सर्व कांहीं निर्दोष आहे असें मी म्हणत नाहीं. धोका फार आहे, आणि आपल्याच मुलखांत आपल्याच माणसांवर बंदूक रोखण्याचें दुःख पगारानें भरून निघत नाहीं. तरी पण तत्त्व बरोबर आहे. ज्याच्या हातीं शस्त्र द्यावयाचें त्याच्या हातीं त्या शस्त्राबरोबरचा सर्व मानहि द्यावा.

ह्यावर माझे कांहीं मित्र विचारतात, "मास्तर, जन्मभर मुलांना अहिंसा शिकविलीत आणि आतां घरोघर बंदुका वाटावयाच्या कीं काय?" नाहीं. बंदुका जितक्या थोड्या तितकें बरें, हें माझें मत पालटलेलें नाहीं. जातीमुळें कोणाला सूट द्यावी असेंहि मी म्हणत नाहीं. कायद्यानें अधिकाऱ्याला तारतम्य दिलें आहे. दारुडा, भांडखोर, अविचारी अशा माणसाला परवाना नाकारलाच पाहिजे, मग तो कोणत्याहि वस्तीचा असो. परंतु नकार माणसाकडे पाहून असावा, वस्तीकडे पाहून नव्हे. १९११ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतल्या कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविण्याची वाट मोकळी झाली. तो कलंक ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं कायद्यानें पुसला गेला. जो डाग कायद्यानें पुसला, तो कारकुनाच्या एका प्रश्नानें पुन्हा लागूं नये, एवढेंच माझें मागणें आहे.

यात्रा संपल्यावर एका संध्याकाळीं मी त्या विद्यार्थ्याच्या वडिलांकडे गेलों. शेताच्या कडेला माळा बांधलेला होता, आणि रात्रीं वाजविण्यासाठीं तेलाचा रिकामा डबा टांगला होता. मीं त्यांना १३ वें आणि १४ वें कलम वाचून दाखविलें. कंदिलाच्या उजेडांत आम्हीं दोघांनीं मिळून एक साधा अर्ज लिहिला, कीं परवाना नाकारला असल्यास त्याचीं कारणें लेखी मिळावींत. अंगठा उठविण्याच्या आधीं ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, बंदूक मिळो न मिळो. पण ‘नाही’ का म्हटलं, ते कागदावर तरी येऊ द्या. आमच्या आज्याला ते कधी कुणी सांगितलं नाही."

त्या अर्जाचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. त्या रात्रीं परततांना मागून डब्याचा आवाज ऐकूं येत होता. सारें गांव निजलें होतें. बाप माळ्यावर जागा होता, आणि दूर कोठल्यातरी चौकीवर त्याचा मुलगाहि जागा असेल. पणज्याची जागलकी मोडून कित्येक वर्षें झालीं. जागणें मात्र त्या घरांतून गेलेलें नाहीं. ज्यांनीं आपल्यासाठीं जागावें असें आपण म्हणतों, त्यांच्या अर्जाकडे आपण जाग्या डोळ्यांनीं पाहावें, इतकी विनंती करून मी आपली रजा घेतों.